खाज म्हणजे ‘छोटं दुखणं’ नव्हे

“डॉक्टर, दुखत काही नाही, नुसती खाज सुटते,” असे पेशंट संकोचून सांगतात. खाज म्हणजे किरकोळ दुखणे, हा समज वैद्यकशास्त्रातही बराच काळ होता.

१६६० साली जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी खाजेची व्याख्या केली: खाजवावेसे वाटायला लावणारी नकोशी संवेदना. ती आजही वापरतात. पुढे १९२२ साली माक्स फॉन फ्राय यांनी मात्र खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असे मांडले.

पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. चटका बसला की हात मागे येतो. खाज सुटली की हात तिकडेच जातो. मॉर्फिनने वेदना शमते, पण खाज सुटू शकते.

१९९७ मध्ये मार्टिन श्मेल्त्झ आणि सहकाऱ्यांना माणसाच्या त्वचेत खाजेचा निरोप नेणारे वेगळे मज्जातंतू सापडले. २००७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे दिसले, की मज्जारज्जूत ‘जीआरपीआर’ हा रिसेप्टर नसलेले उंदीर कमी खाजवतात; वेदना मात्र त्यांना नेहमीसारखीच जाणवते.

मग खाजवल्यावर बरे का वाटते? नखांची हलकी वेदना खाजेचा निरोप थोडा वेळ दाबते. नंतर त्वचा सोलवटते, दाह वाढतो आणि खाज परत येते.

म्हणून दुखण्यावरची गोळी खाजेवर घेऊ नका. पुरळ नसताना सहा आठवड्यांहून जास्त खाज राहिली, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉईड तपासावे लागते. ‘नुसती खाज’ म्हणून अंगावर काढू नका.