पाचशेपासून दहा हजारांपर्यंत : मातापित्यांच्या निर्वाहाचा कायदा

१८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८८ वे कलम वाचताना एक उणीव चटकन नजरेत भरते. पत्नी व मुले यांना पोसण्यात कुचराई करणाऱ्या पुरुषाला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्याने करावा, अशी तरतूद त्यात होती. आई-वडिलांचा मात्र उल्लेखच नव्हता. ही कल्पना राज्यकर्त्यांना अपरिचित होती असेही नाही. त्यांच्या स्वतःच्या देशात १६०१ च्या दरिद्री-कायद्याने निराधार वृद्धांचा भार ऐपतदार मुलांवर टाकलेला होता. येथे एकत्र कुटुंब आहे, तेव्हा सरकारने लक्ष घालण्याचे कारण नाही, असा हिशेब असावा. (जो खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, तो कोणत्याही सरकारला प्रियच असतो.)

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने वृद्ध वा अशक्त मातापित्यांना पोसण्याचे दायित्व मुलगा व मुलगी या दोघांवरही घातले. परंतु तो मार्ग दिवाणी न्यायालयाचा. सर्वधर्मीय मातापित्यांना दंडाधिकाऱ्यांचे दार उघडले ते १९७३ च्या नव्या संहितेतील १२५ व्या कलमाने. त्यातील शब्दरचना पुल्लिंगी असल्याने मुलीवर, विशेषतः विवाहित मुलीवर, ही जबाबदारी येते का, असा प्रश्न कल्याण येथील एका डॉक्टर महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९८७ साली न्यायालयाने उत्तर दिले : येते. माहेरची जबाबदारी लग्नाने संपत नाही, हे आपल्या समाजाला न्यायालयाकडून ऐकावे लागले.

या कलमाखाली मिळू शकणारी कमाल रक्कम मात्र दरमहा पाचशे रुपये होती, आणि ती २००१ पर्यंत तशीच राहिली. सत्तावीस वर्षांत पाचशे रुपयांचे काय झाले असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम या पार्श्वभूमीवर आला. दाद प्रांताकडे मागायची, वकिलाची मध्यस्थी नाही, नव्वद दिवसांत निकाल, ही त्याची मोठीच सोय. मात्र मसुद्यातील क्रियापदे पाहण्याची सवय आम्हा नोकरशहांना जडलेली असते. मुलांवरील दायित्व बंधनकारक आहे. जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम मात्र राज्य शासन उभारू 'शकेल'. सरकारी रुग्णालयांतील खाटा ज्येष्ठांना मिळाव्यात, त्याही 'शक्य तेथवर'. म्हणजे १८९८ चा हिशेब फारसा बदललेला नाही. फक्त कुटुंबाला आता तो लेखी कळवला आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक तरतूद जाणून घ्यावी. हा कायदा भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, आणि आई-वडील जेथे राहतात तेथील न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. तेव्हा भोपाळ, बंगळुरू किंवा दुबईच्या पत्त्याने सुटका होत नाही. ज्येष्ठांनीही हे ध्यानात ठेवावे की, सांभाळ करण्याच्या अटीवर घर वा जमीन दिली व पुढे सांभाळ झाला नाही, तर २३ व्या कलमाखाली ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घेतलेली बरी. घरातल्या घरात कसली अट, या संकोचापायी पुढे न्यायाधिकरणापुढे काही सिद्ध करता येत नाही.

राहता राहिला सेवेचा प्रश्न. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार हे सारे कायद्याने 'निर्वाहा'त धरले आहे. पण न्यायाधिकरण मंजूर करू शकते ती अखेर रक्कमच. रात्री न्हाणीघरापर्यंत हात धरून नेणारे माणूस हुकुमाने मिळत नाही, ते पगारावर ठेवावे लागते. आणि ही रक्कम तरी किती? कमाल मर्यादा दरमहा दहा हजार, २००७ साली ठरलेली. आम्हा केंद्रीय निवृत्तांची महागाई-सवलत वर्षातून दोनदा सुधारते. या आकड्याला तसा कोणताही निर्देशांक जोडलेला नाही. ही मर्यादा काढून टाकणारे आणि घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांना किमान दर्जा घालून देणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. संसदीय समितीने त्याची छाननीही केली. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा ते व्यपगत झाले.