पंचवीस मोहरा

इतिहास शिकविताना रणवीरांपेक्षा एकदा लपलेला एक माणूस मला अधिक जवळचा वाटत आला आहे. तो म्हणजे कार्थेजचा बिशप सिप्रियन. मूळचा तो वक्तृत्वाचा शिक्षक. म्हणजे आमच्याच पेशाचा!

इ. स. २५० मध्ये रोमन बादशहा डेशियसने प्रजेला देवतांपुढे बळी देण्याचा हुकूम सोडला, तेव्हा सिप्रियन अज्ञातवासात गेला. तेथून पत्रे धाडून तो आपल्या मंडळींना धीर देई. पण लोकांनी बोल लावायचा तो लावलाच. परतल्यावर २५१ च्या परिषदेत, भीतीने धर्म सोडलेल्यांना प्रायश्चित्तानंतर पुन्हा जवळ घ्यावे, असे ठरले. पुढे शहरात साथ आली, तेव्हा परधर्मीयांच्याही शुश्रूषेस त्याने आपली माणसे लाविली.

२५७ साली व्हॅलेरियन बादशहाच्या अमलात त्याला कुरुबिसला हद्दपार करण्यात आले. दुसऱ्या वर्षी मित्रांनी पळण्याचा आग्रह केला. त्याने ऐकले नाही. मरायचे तर आपल्याच शहरात, एवढीच त्याची इच्छा! १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेदाची शिक्षा ऐकून त्याने देवाचे आभार मानले आणि मारेकऱ्याला पंचवीस मोहरा द्यावयास सांगितले.

आधीचे ते लपणे भित्रेपणाचे की काळजीचे, हे वाचकांनीच ठरवावे. मला विचाराल तर, भ्यालेल्यांना पोटाशी धरायला भीती ठाऊक असलेलाच माणूस लागतो.