रहस्यकथा आणि तिचा वाचक

म्हैसूर शहराच्या वायव्य अंगास जयलक्ष्मीपुरम नावाची वसाहत आहे. सावलीचे रस्ते, बैठी घरे, निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक यांची ही जुनी वस्ती. राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांची आठवण देणारे हे नाव. आणि याच राजकन्येसाठी १९०५ साली बांधलेला जयलक्ष्मी विलास हा प्रासाद तेथून जवळच, मानसगंगोत्रीच्या परिसरात उभा आहे. पुढे राजवाड्याचे वैभव ओसरले, वास्तू म्हैसूर विद्यापीठाकडे आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यापीठाने तेथे लोकसाहित्याचे संग्रहालय उभारले. जत्रेतील सोंगांचे मुखवटे, चामड्याच्या बाहुल्या, शेतकऱ्याची अवजारे, देवीच्या भक्तांची वाद्ये अशा हजारो वस्तू खेड्यापाड्यांतून गोळा होऊन राजकन्येच्या महालात आल्या.

या घटनेत एक मौज आहे, आणि एक धडाही आहे. बाहुल्यांच्या खेळाला आणि सोंगांना पंडितांनी पिढ्यान्पिढ्या अडाण्यांची करमणूक म्हणून बाजूस सारले होते. काळ पालटला, दृष्टी पालटली, आणि तीच करमणूक संस्कृतीचा ठेवा ठरली. मग छापखान्याच्या युगाने जी लोककथा निर्माण केली तिचे काय? चाळीच्या जिन्यावर, एस. टी.च्या थांब्यावर, वसतिगृहातल्या मिणमिणत्या दिव्याखाली जी रात्र रात्र वाचली गेली, त्या रहस्यकथेसाठी अशी एखादी खोली कोणी राखून ठेवली आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर रहस्यकथेच्या लेखकापेक्षा तिच्या वाचकाचा इतिहास पाहिला पाहिजे.

हा वाचक फार पुरातन नव्हे. चतुर राजपुत्र आणि धूर्त चोर यांच्या गोष्टी आपल्याकडे कथासरित्सागराच्याही आधीपासून आहेत. परंतु गुन्हा, पुरावा आणि तर्क यांच्या साखळीवर उभी राहिलेली कथा एकोणिसाव्या शतकातील शहराने जन्मास घातली. खेड्यात प्रत्येकास प्रत्येकाचे घर ठाऊक असते. शहरात शेजारच्या खोलीत कोण राहतो याचा पत्ता नसतो. अनोळखी माणसांच्या या गर्दीतून भय जन्मले आणि भयातून कुतूहल. १८४१ साली अमेरिकेत एडगर ॲलन पो याने पॅरिसमधील एका खुनाची कथा लिहिली आणि केवळ बुद्धीच्या बळावर गुन्हेगार शोधणारा नायक जगापुढे आणला. पुढच्याच वर्षी, १८४२ साली, लंडनच्या पोलीस दलात गुप्त तपासाची वेगळी शाखा निघाली. कथेतील हेर आणि सरकारी हेर हे असे जवळजवळ जुळे भाऊ होत.

वाचकाच्या आवडीचे सामर्थ्य किती मोठे असते, हे जगाने १८९३ साली पाहिले. कॉनन डॉइल याने आपल्या शेरलॉक होम्सला त्या वर्षी डिसेंबरात एका धबधब्याच्या कड्यावरून खाली लोटून दिले. ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे कार्य, अशी त्याची समजूत होती. वाचकांनी मात्र ती मानली नाही. त्यांच्या रोषाचा आणि विनवण्यांचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला, आणि अखेर १९०३ साली लेखकास आपला मेलेला नायक जिवंत करावा लागला. वाङ्मयाच्या दरबारात वाचकाने लेखकाविरुद्ध दावा जिंकल्याची इतकी ठळक उदाहरणे थोडीच सापडतील.

मराठीत या वाचकाची पूर्वतयारी आधीच झाली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. संकटांमागून संकटे, दुष्टांची कारस्थाने आणि शेवटी उघडकीस येणारे गुपित यांची गोडी या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी लावली. त्या गोडीस पुढे भरपूर खाद्य पुरविले ते गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकारास त्याच्या स्वदेशातील टीकाकार फारसे मोजीत नसत. हिंदुस्थानात मात्र त्याच्या कादंबऱ्यांवर इंग्रजी शिकलेल्यांच्या उड्या पडत. दातारशास्त्र्यांनी त्याच्या कथानकांना एतद्देशीय वेष चढविला. ‘इंद्रभुवनगुहा’ आणि ‘कालिकामूर्ति’ या नावांतच भुयारांचा गारवा आणि देवळातील अंधार आहे. मूळ परके असले तरी त्यांतील वाडे, संस्थाने आणि माणसे वाचकास आपलीच वाटली.

येथे काळाची एक जुळणी ध्यानात घेण्याजोगी आहे. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ पत्र सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ सारखी कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. गंभीर सामाजिक कादंबरी आणि भुयारांची कादंबरी यांचा वाचक निराळा होता, असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही पुस्तके एकाच वाचनालयातून, बहुधा एकाच घरात येत. ‘पुढे काय झाले?’ या उत्कंठेचा धागा दोहोंतही होता. हरिभाऊंनी ती उत्कंठा विधवेच्या दुःखाकडे वळविली. दातारशास्त्र्यांनी ती बंद दरवाज्याकडे वळविली.

मात्र रहस्यकथेस खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचविले ते बाबूराव अर्नाळकर यांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. हिशेब केला तर सुमारे अर्धशतक दर सोळा-सतरा दिवसांस एक पुस्तक पडते. धनंजय आणि त्याचा मदतनीस छोटू, झुंजार, काळापहाड ही नावे महाराष्ट्रातील मुलांना इतिहासाच्या पुस्तकातील सेनापतींइतकी परिचित झाली. पाठ्यपुस्तकाच्या आड लपविलेली छोटी पुस्तिका पकडली गेली की गुरुजींची छडी बसे. आणि जप्त झालेली ती पुस्तिका शिक्षकांच्या खोलीत पुढे कोण वाचीत असे, याचा तपास धनंजयानेही केला नसेल.

या नायकांकडे नीट पाहिले म्हणजे त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म कळते. धनंजय कायद्याच्या बाजूचा. पण झुंजार आणि काळापहाड हे कायद्याची मर्यादा ओलांडून दुर्जनास शासन करणारे वीर होत. महायुद्धातील टंचाई, रेशनच्या रांगा आणि काळा बाजार सोसणाऱ्या सामान्य माणसास साठेबाजाची तिजोरी फोडणारा नायक हवासा वाटला, यात नवल कसले? न्यायालयात जो निकाल वर्षानुवर्षे लागत नाही, तो रहस्यकथेत शेवटच्या पानावर हमखास लागतो. दिवसभराच्या कष्टानंतर वाचकास मिळणारा हा दिलासा खोटा असेल, पण तो क्षुल्लक नव्हता.

महाराष्ट्रात घडले तेच म्हैसूरकडे कन्नड भाषेतही घडले. म्हैसूरचे शिक्षक आणि पत्रकार एम. वेंकटकृष्णय्या यांना लोक आदराने ‘तातय्या’ म्हणत. अशा या वडीलधाऱ्या पुरुषाने ‘चोरग्रहणतंत्र’ नावाचे पुस्तक लिहून चोर पकडण्याच्या कथेस कन्नडमध्ये वाट करून दिली. गुरुजींनीच रहस्यकथा लिहावी, ही गोष्ट छडी खाल्लेल्या मराठी विद्यार्थ्यांस नक्कीच सुखावील. त्याच सुमारास बी. वेंकटाचार्य यांनी बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये आणल्या, आणि गळगनाथ या नावाने लिहिणारे वेंकटेश तिरको कुलकर्णी यांनी हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांस कन्नड रूप दिले. या दोघांनी कन्नड लोकांस कादंबरी वाचावयास शिकविले, असे त्या भाषेचे अभ्यासक सांगतात. मराठी उत्कंठेचा एक पाट अशा रीतीने दक्षिणेच्या शेतात वळला होता.

पुढची पिढी थेट रहस्यकथेची. म्हैसूरजवळच्या नंजनगूड गावी १९१८ साली जन्मलेले म. राममूर्ती हे पत्रकार आणि रहस्यकथाकार. त्यांनी शंभराहून अधिक हेरकथा लिहिल्या. आणि आज कर्नाटकात जागोजाग फडकणारा पिवळा-तांबडा कन्नड ध्वज याच राममूर्तींच्या कल्पनेतून उतरला. १९६७ साली अपघातात त्यांचा अंत झाला. ध्वजाखाली उभे राहणाऱ्या किती जणांस तो एका रहस्यकथाकाराने दिला हे ठाऊक असेल? दुसरे एन. नरसिंहय्या. शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत, नोकरी काही काळ बसच्या वाहकाची. आणि पुस्तके पाचशेहून अधिक. त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम म्हणजे कन्नड वाचकांचा धनंजयच. तिकिटे फाडणाऱ्या हातांनी लिहिलेली ही पुस्तके त्याच बसमधून प्रवास करणाऱ्या माणसांनी वाचली.

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे, कारण ते अगदीच निराधार नाहीत. या पुस्तकांतील पुष्कळशी कथानके उसनी असत आणि उसनवारीचा उल्लेख क्वचितच असे. पंधरा-सोळा दिवसांत लिहिलेल्या गोष्टीत भाषेची कसर राहावयाचीच. पात्रे साच्यातील, खलनायक काळेकुट्ट, स्त्रिया एक तर संकटात सापडलेल्या नाही तर संकट आणणाऱ्या. ज्याने आयुष्यभर एवढेच वाचले त्याची अभिरुची खुंटली, हेही मान्य करावे लागेल.

तथापि वाचनाची सवय ही वस्तू आकाशातून पडत नाही. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरांचे प्रमाण शंभरात जेमतेम अठरा होते. नव्याने अक्षरओळख झालेल्या माणसास वाचन हे कष्टाचे काम वाटते. डोळा शब्दाशब्दावर अडखळतो. त्याला पुढच्या पानाकडे ओढून नेणारे काही तरी लागते. ते काम ज्ञानकोशाने झाले नाही आणि काव्यसंग्रहानेही नाही. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ने जितके नवे वाचक निर्माण केले तितके अन्य कोणी केले नाहीत, ही कबुली रामचंद्र शुक्लांसारख्या कठोर इतिहासकाराने दिली. मराठीतील इतिहासकारांनी अर्नाळकरांचे हे ऋण इतक्या मोकळेपणी मान्य केले, असे म्हणवत नाही.

शिवाय वाचक एका पायरीवर बसून राहतो, हेही गृहीत धरण्यासारखे नाही. भा. रा. भागवतांचे विज्ञानसाहस, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स, नारायण धारपांची भयकथा अशा निरनिराळ्या दारांनी तो पुढे गेला. लेखकही पायऱ्या चढले. सुहास शिरवळकरांनी आरंभी रहस्यकथाच लिहिल्या. पुढे त्यांच्याच लेखणीतून तरुणांची आवडती ‘दुनियादारी’ उतरली. गोव्यातून आलेले गुरुनाथ नाईक यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून अर्नाळकरांची परंपरा चालविली. २०२१ साली ते निवर्तले. आज इंग्रजीतील नव्या थरारक कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आवडीने वाचणाऱ्या वाचकामागे एवढी मोठी वंशावळ उभी आहे. त्याला ती ठाऊक नाही, एवढेच.

आणि ती ठाऊक होणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. या पुस्तिका हलक्या कागदावर छापल्या गेल्या. वाचनालयात शंभर हातांतून फिरून त्यांची पाने सुटली, आणि ज्यांची सर्वांत जास्त मागणी, तीच सर्वांत आधी नष्ट झाली. संग्रहालयांनी त्या जपण्याजोग्या मानल्या नाहीत. घरच्यांनी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातल्या. अर्नाळकर १९९६ साली गेले. त्यांच्या काही निवडक कथा अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या ही समाधानाची गोष्ट. परंतु हजारातील निवडक म्हणजे समुद्रातील ओंजळ. ज्या पुस्तकांनी दोन पिढ्यांस वाचावयास शिकविले ती एकत्र पाहावयाची झाली तर अभ्यासकाने जावे कोठे?

जयलक्ष्मी विलासातील बाहुल्यांचीही हीच अवस्था होऊ शकली असती. बाहुल्यांचा खेळ करणारी कुटुंबे पांगत होती, चामडे कुजत होते. योग्य वेळी कोणी तरी गावोगाव हिंडले, म्हाताऱ्यांच्या माळ्यावरील पेट्या उघडल्या, आणि म्हणून त्या आज पाहावयास मिळतात. मराठी रहस्यकथांच्या पेट्याही अजून काही माळ्यांवर आहेत. कोकणातल्या घरात, बेळगावच्या वाड्यात, इंदूर-बडोद्याच्या जुन्या वाचनालयांत शोधले तर झुंजार अद्याप सापडेल. त्याला राजवाडा नको; एक कोरडी खोली, एक कपाट आणि नावनिशीवार एक यादी पुरे. मात्र हे काम लवकर झाले पाहिजे, कारण कागदाचे आयुष्य चामड्याहूनही थोडे असते.