शिवणाचे मेज

आयझॅक सिंगरने 1851 साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्र ज्या लाकडी खोक्यातून गिऱ्हाइकाकडे जाई, त्याच खोक्याला पायडल जोडून त्याचे मेज करीत. म्हणजे शिवणाचे मेज हे मुळात एक खोके!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी हिंदुस्थानात सिंगरचा व्यापार पसरवला. हप्त्यांच्या सोयीने मशीन मध्यमवर्गीयांच्या घरात शिरले. 1957 साली बोरिवली, मुलुंड बृहन्मुंबईत आली. तिथल्या दोन खोल्यांच्या कितीतरी बिऱ्हाडांत बाईच्या हक्काची जागा एकच असे : खिडकीजवळचे मशीन.

पुढे तयार कपडे आले आणि मशीन मुके झाले. आता त्याच्या बिडाच्या पायांवर फळी टाकून कुणी पोस्टाची तिकिटे चिकटवतो, कुणी घड्याळे उघडतो. आमच्या बोरिवलीच्या घरी मुलाने रेडिओच्या छंदासाठी ते मागितले. मी म्हटले, "मेज तुझे, पण डावा खण आजीचाच." त्यात तिची कात्री, बॉबिनी, खडू तसेच आहेत. फळीला बिजागरीने दुसरी फळी जोडली. कामापुरती उघडावी, एरवी मिटावी. दिवाळीच्या आधी मात्र ती आठवडाभर मिटत नाही. आजी कागद कातरते, नातू काड्या बांधतो आणि आकाशकंदील तयार होतो.