आडनावांची पानं

फिलिपिन्समधल्या अल्बाय प्रांतात ओआस नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या घरांची आडनावं विचारत निघालात तर एक गंमत लवकरच लक्षात येते: बहुतेक सगळी ‘आर’पासून सुरू होतात. शेजारच्या पोलांगीत गेलं की ‘एस’ लागतो. उलट दिशेला, मायोन ज्वालामुखीच्या पायथ्याशी दारागा आहे, तिथे ‘एम’. प्रांताच्या मुख्य गावात ‘ए’, तिथून किनाऱ्याने तिवीकडे जाताना ‘बी’. सोर्सोगोनच्या किनाऱ्यावर ‘ई’पासून ‘एल’पर्यंत, आणि मुळाक्षरं संपत आली की समुद्र ओलांडून कातांदुआनेस बेटावर उरलीसुरली. नकाशावर बोट फिरवत गेलात तर बाराखडी म्हणून होते. तिकडे दूर रोम्ब्लोन प्रांतात बांतोन नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथे जो तो ‘एफ’.

कुणीतरी कोशाची पानं फाडून वाटेवरच्या गावागावांत एकेक टाकत जावं, तसं हे दिसतं. आणि झालं होतं जवळजवळ तसंच.

आखातातल्या इस्पितळात किंवा बोटीवर नोकरी केलेल्या आपल्याकडच्या माणसांना फिलिपिनो सहकारी नवे नाहीत. गार्सिया, सांतोस, रेयेस, मेंदोझा ही नावं ऐकून अनेकांना वाटतं, यांचे पणजोबा-खापरपणजोबा स्पेनहून आले असणार. बहुतेकांच्या बाबतीत हा समज चुकीचा असतो. स्पेनहून माणसं फार थोडी आली. आडनावं मात्र गठ्ठ्याने आली.

मुळात तिथे आडनाव ही चीजच नव्हती. १९८९ साली लागुना प्रांतातल्या लुंबान इथे नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक ताम्रपट हाती लागला. त्यावरची मिती वाचून मराठी माणूस चमकतोच: शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. लिपी जावाकडच्या जुन्या वळणाची, भाषा जुनी मलय आणि तीत संस्कृत शब्दांची दाट पेरणी. फिलिपिन्समध्ये सापडलेला, तारीख असलेला हा सगळ्यात जुना लेख. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, यापुढे त्याच्या वंशजांकडे कुणी तगादा लावू नये, असा त्यातला मजकूर. त्यात त्याची मुलगी अंगकातान आहे, गावांची आणि अधिकाऱ्यांची नावं आहेत. आडनाव एकही नाही. कोण कुणाचं आणि कुठलं, एवढ्यावर माणसाची ओळख पटत होती.

तागालोग लोकांत तर नाव मुलाकडून बापाकडे चढायचं. मूल झालं की बाप ‘अमा नी’ अमुक, म्हणजे अमक्याचा बाप, म्हणून ओळखला जाई. आडनावाच्या अगदी उलटी ही रीत. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी ती नवलाने नोंदवून ठेवली आहे.

नावं बदलायला सुरुवात झाली १५२१ साली. मॅगेलनची गलबतं सेबूला लागली, तिथला राजा हुमाबोन याने बाप्तिस्मा घेतला आणि तो स्पेनच्या राजाच्या नावावरून कार्लोस झाला, त्याची राणी हुआना झाली. समोरच्या माक्तान बेटावरच्या लापुलापूने मात्र असलं काही घ्यायला नकार दिला आणि २७ एप्रिलला मॅगेलन त्या बेटाच्या उथळ पाण्यात मारला गेला. पुढे १५४३ मध्ये व्हिलालोबोस नावाच्या कप्तानाने युवराज फेलिपेच्या नावावरून तिथल्या बेटांना ‘फिलिपिनास’ म्हटलं. देशाचं नावही असं बाप्तिस्म्याचंच. स्पेनतर्फे लेगाझ्पी १५६५ साली सेबूत उतरला, १५७१ मध्ये मनिला राजधानी झाली आणि पाद्र्यांनी गावंच्या गावं ख्रिस्ती केली.

याच काळात आपल्या वसईचा एक मुलगा मनिलात होता. गोन्सालो गार्सिया: बाप पोर्तुगीज, आई इथली. १५८० नंतर पोर्तुगालचं राज्यही त्याच फेलिपेकडे गेल्यामुळे वसई, गोवा आणि मनिला साठ वर्षं एकाच घराण्याच्या छत्राखाली होती. जपानात मिशनऱ्यांच्या हाताखाली राहिलेला आणि व्यापार केलेला गोन्सालो मनिलात फ्रान्सिस्कन झाला, दुभाष्या म्हणून परत जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. वसईजवळ गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. त्याचं गार्सिया हे आडनाव बापाकडून आलेलं होतं. फिलिपिन्समध्ये आज जे असंख्य गार्सिया आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री नाव देत, ते संताचं. मागे काहीतरी जोडायचं म्हणून लोक आपापल्या भक्तीप्रमाणे जोडत: देला क्रूस, म्हणजे क्रुसाचा, दे लोस सांतोस, संतांचा, बाउतिस्ता, देल रोसारियो. सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी आणि काडीचं नातं नसलेल्या हजार माणसांचं एक. कुणाचं त्यावाचून अडत नव्हतं. अडत होतं ते वसुली करणाऱ्याचं. माणशी कर होता, शिवाय सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना वर्षाला चाळीस दिवस वेठबिगार. वेठीला कंटाळून पळालेला हुआन देला क्रूस पलीकडच्या गावात जाऊन बसला की तो शोधायचा कसा? तिथे आधीच दहा हुआन देला क्रूस असायचे.

१८४४ मध्ये नार्सिसो क्लाव्हेरिया गव्हर्नर जनरल म्हणून आला. हा हिशेबी माणूस. आल्या आल्या त्याने एक अख्खा दिवस रद्द केला. स्पॅनिश लोक मेक्सिकोकडून, म्हणजे पॅसिफिक ओलांडून पूर्वेकडून आलेले. त्यामुळे मनिलाचं पंचांग शेजाऱ्यांपेक्षा जवळजवळ तीन शतकं एक दिवस मागे चालत होतं. क्लाव्हेरियाने हुकूम काढला: सोमवार, ३० डिसेंबर १८४४ नंतर थेट बुधवार, १ जानेवारी १८४५. मंगळवार गायब. कॅलेंडर दुरुस्त करणारा माणूस पुढे माणसंही दुरुस्त करायला निघाला, याचं मला तरी नवल वाटत नाही.

२१ नोव्हेंबर १८४९ रोजी आडनावांचा हुकूम निघाला. बहुतेक प्रांत फिरून पाहिल्यावर इथल्या लोकांना कुळवार आडनावं नाहीत हे ध्यानात आलं, असं त्यात म्हटलं आहे. न्यायदानात गोंधळ होतो, कर बुडतो, वेठ चुकते, जवळच्या नात्यात लग्नं होतात, ही कारणंही दिली आहेत. सोबत एक यादी: ‘कातालोगो आल्फाबेतिको दे आपेयिदोस’, वर्णानुक्रमे सुमारे साठ हजार आडनावं. धर्मसंघांच्या प्रमुखांनी गोळा केलेली देशी नावं, हाताला लागतील तेवढी स्पॅनिश आडनावं, आणि तरीही जागा उरली म्हणून झाडं, खनिजं, भूगोल, कलाकौशल्यं यांतले शब्द. आडनावं कमी पडली म्हणून वनस्पतिशास्त्राकडून उसनी आणणारं सरकार विरळाच.

वाटप कसं झालं ते पाहण्याजोगं आहे. मनिलाहून प्रांताच्या अधिकाऱ्याकडे काही पानं. त्याने गावातल्या कुटुंबांच्या अंदाजाने एकेक भाग गावाला पाठवायचा. गावात पाद्री, मुखिया आणि दोन जाणते बसणार. पन्नासेक घरांवर एक ‘काबेसा दे बारांगाय’, म्हणजे वसुली करणारा म्होरक्या असे. त्याने आपली माणसं समोर आणायची. घरातला कर्ता पुढे येणार, पानावरचं एक आडनाव निवडणार किंवा त्याला ते नेमून दिलं जाणार, आणि मग त्या शब्दावर काट. वाचता येत नसलेल्या माणसाने यादीतून काय निवडलं असेल? बहुधा ज्याचा उच्चार जमला ते. चार पिढ्या चालत आलेलं आडनाव सिद्ध केलं तर ते ठेवायची मुभा होती. लाकानदोलासारख्या जुन्या राजघराण्यांची नावं इतरांनी उचलायला बंदी होती. शाळामास्तरांना ताकीद होती की मुलांना नोंदल्या नावानेच हाक मारायची. आणि नेमून दिलेलं नाव सोडून दुसरं सांगणाऱ्याला कैद किंवा दंड.

हुकमावर सही करून महिनाभरात क्लाव्हेरियाचा कारभार संपला. वाटपाचं किचकट काम मागे राहिलेल्यांनी निस्तरलं. कुठे मन लावून, कुठे उरकून. अल्बायच्या अधिकाऱ्याने बहुधा पानं हातात येतील तशी रस्त्याच्या क्रमाने वाटली. म्हणून ओआसला ‘आर’ आला.

ही पानं जिथे पोचली नाहीत, ते प्रदेशही पाहावेत. मिंदानाओ आणि सुलूमधले मुसलमान, उत्तरेच्या डोंगरातले इगोरोत यांच्यावर स्पेनचा पुरता अंमल कधी बसलाच नाही. त्यांची नावं आपल्या पद्धतीने चालत राहिली. स्पॅनिश सत्ता नेमकी कुठवर होती, हे सांगायला आडनावांचा नकाशा पुरेसा आहे.

लागुनातल्या कालांबा गावी एक सुखवस्तू कुटुंब होतं. मूळ पुरुष चीनमधून आलेला, त्याने घेतलेलं आडनाव मेर्कादो, म्हणजे बाजार. क्लाव्हेरियाच्या हुकमानंतर घराने आणखी एक नाव जोडलं, रिझाल; कापणीनंतर पुन्हा हिरवं फुटणाऱ्या शेताला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे त्यावरून. वापरात राहिलं मेर्कादोच. १८७२ मध्ये कावितेच्या बंडाचं निमित्त करून सरकारने गोमेस, बुर्गोस, सामोरा या तीन पाद्र्यांना जाहीरपणे गळा आवळून मारलं. घरातला थोरला पासियानो हा बुर्गोस यांच्या जवळचा. त्यामुळे त्या साली धाकटा होसे मनिलात शिकायला निघाला तेव्हा थोरल्याने त्याला मेर्कादो टाकून रिझाल लावायला सांगितलं. पोलिसांच्या वहीत नसलेलं नाव, एवढीच त्यामागची सोय. पंधरा वर्षांनी होसेची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी बर्लिनला छापून आली आणि तेच नाव घरच्यांना सगळ्यात महाग पडलं. होसेची आई, साठी उलटलेली बाई, जन्मभर तेओदोरा आलोन्सो म्हणून वावरली. सरकारदप्तरी ठरलेलं रेआलोंदा दे रिझाल हे नाव ती सांगत नाही, या सबबीवर तिला गावोगाव चालवत नेलं.

होसे रिझाल यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या. त्याआधी चार महिने आंद्रेस बोनिफासियोच्या ‘कातिपुनान’ या गुप्त संघटनेचं बंड फुटलं होतं. या संघटनेत शिरताना प्रत्येक जण स्वतःसाठी तागालोग नाव निवडायचा. बोनिफासियोने घेतलेलं नाव ‘माय पाग-आसा’, म्हणजे आशा असलेला. आणि ऑगस्ट १८९६ मध्ये मनिलाबाहेर जमलेल्या या लोकांनी उठावाची खूण म्हणून काय केलं? आपापली ‘सेदुला’ फाडली. सेदुला म्हणजे कर भरल्याचा दाखला, जवळ नसेल तर अटक. त्या चिठोऱ्यावर क्लाव्हेरियाच्या हुकमाने पक्कं केलेलं नाव असे.

पुढचं बरंचसं पुस्तकात सापडतं. १२ जून १८९८ रोजी कावितमध्ये बंडाचा पुढारी आगिनाल्दो याने स्वातंत्र्य पुकारलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेनने हा देश दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केला. मग अमेरिकेशी युद्ध, आणि १९०१ साली जहाज भरून आलेले इंग्रजीचे मास्तर. अमेरिकनांनी आडनावं बदलली नाहीत, मोजली. १९०३ च्या शिरगणतीत ६९,८७,६८६ माणसं ‘सुधारलेली’ आणि ६,४७,७४० ‘रानटी’ ठरली. ढोबळ मानाने पाहिलं तर ‘रानटी’ म्हणजे ज्यांच्यापर्यंत ती पानं गेली नव्हती ते.

१९४६ साली मिळालेल्या स्वातंत्र्यानंतर कराच्या वहीसाठी वाटलेल्या या शब्दांना मतपेटीत भाव आला. फिलिपिनो माणूस मधल्या जागी आईचं माहेरचं आडनाव लावतो, त्यामुळे नाव वाचलं की सोयरीक कळते. मारिया कोराझोन सुमुलोंग कोहुआंगको अकिनो: सुमुलोंग हे आईकडचं राजकारणी घर, कोहुआंगको हे वडिलांकडचं साखरेचं, चिनी पूर्वजाच्या अख्ख्या नावापासून बनलेलं, अकिनो नवऱ्याचं, ज्याला १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर गोळी घातली. १९८६ साली लाखो लोक रस्त्यावर उतरले, हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस पळाला आणि या बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात झालेल्या १९८७ च्या संविधानात घराणेशाहीला बंदी आहे, पण ‘कायद्याने व्याख्या होईल त्याप्रमाणे’. ती व्याख्या करायची संसदेने, जिथे ही घराणी बसतात. तीन दशकं उलटून गेली तरी तो सरसकट लागू होणारा कायदा झाला नाही. मधल्या काळात माजी राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांची मुलगी राष्ट्राध्यक्ष झाली, मग अकिनोंचा मुलगा, आणि २०२२ मध्ये मार्कोसचाही.

या घराण्यांना मत देणारा सामान्य माणूस तिथल्या वर्तमानपत्रांत एका ठरलेल्या नावाने येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनिलातल्या एका स्कॉटिश संपादकाने ते रूढ केलं, पोलिसांच्या आणि चर्चच्या नोंदींत सारखं तेच दिसतं म्हणून. क्लाव्हेरियाला जे मोडून काढायचं होतं तेच ते. आजही अर्ज कसा भरावा हे दाखवणाऱ्या नमुन्यावर, नावाच्या रकान्यात, बहुतेक वेळा छापलेलं असतं: देला क्रूस, हुआन.