मँचेस्टरचा शब्द आणि खामगावचा कापूस

दिवाळीच्या सुमारास आमच्या वऱ्हाडात घरोघर नवे कापड येते आणि शेतात कापसाची वेचणी चालू असते. या दोन्हींचा इतिहास एकाच गावी, विलायतेत, जाऊन पोचतो.

जळंबला गाडी बदलून खामगावला जाताना मला नेहमी वाटे, मुंबई-नागपूरचा मुख्य मार्ग सोडून आठ मैलांचा हा फाटा सरकारने कोणाच्या सोयीसाठी काढला? शेगावच्या वारकऱ्यांसाठी म्हणावे, तर शेगाव मुख्य मार्गावरच आहे!

उत्तर मँचेस्टरला सापडते. तेथील गिरणीवाल्यांनी १८५७ साली कापूस मिळवण्यासाठी एक मंडळच स्थापन केले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि त्यांची नजर हिंदुस्थानावर खिळली. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेच होते. रस्ते करा, रूळ टाका, कापसात भेसळ करणाऱ्याला शासन करा, अशा मागण्यांचा लंडनच्या दरबारी नुसता पाऊस पडला. आगाऊ पैसे घेऊन माल न देणाऱ्या शेतकऱ्यावर फौजदारी चालवा, येथपर्यंत मजल गेली; ती मात्र भारतमंत्री चार्ल्स वुड यांनी मानली नाही. एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

बाकीचे बरेच पदरात पडले. मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचे साहेब खास कापूस कमिशनर झाले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावला आले आणि त्यांनी हा फाटा खुला केला. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात आले ते १९०५ मध्ये.) युद्धाच्या दिवसांत कास्तकाराच्या हातीही पैसा खुळखुळला, हे खरे. पण १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. ती पडझड थोपवायला कोणाचे मंडळ धावले नाही.

रुई अशी स्वस्तात गेली. आता कापड परत यायचे होते. त्यावरची आयात जकात गिरणीवाल्यांना खुपत होती. १८७९ साली दुष्काळाने आणि अफगाण युद्धाने खजिना रिता असताना लॉर्ड लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. १८८२ मध्ये उरलीसुरलीही गेली. पुढे पैशाची निकड लागून जकात परत बसवावी लागली, तेव्हा १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि मँचेस्टरचे मन राखायला देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर! आपल्याच देशात विणलेल्या धोतरावर परक्याच्या समाधानासाठी कर, असा न्याय.

मुंबईचे गिरणीमालकही काही गरीब नव्हते. १८७५ पासून त्यांचाही संघ होता, अर्जही जात. पण पार्लमेंटात लँकेशायरची मते होती, मुंबईचे एकही नव्हते. मग खामगावच्या कास्तकाराची काय कथा! तो कर पुरता रद्द व्हायला १९२६ साल उजाडले.