स्टार डब्यावर, एसी भिंतीवर

आजचा भाग एसीवर आहे. कुठला घ्यावा यावर नाही, ते सांगणारे चॅनेल ढीगभर आहेत. एसीवर चिकटलेले ते स्टार कुठून आले, त्यांच्या नावाने सूट का मिळते, आणि तो स्टार तुमच्या भिंतीपर्यंत शाबूत पोचतो का, यावर आहे.

आधी एक खुलासा. मी खंडाळ्याचा, पण सिनेमातल्या गाण्यातला तो घाट आमचा नाही. आमचं खंडाळा साताऱ्यातलं. पुण्याहून येताना खंबाटकी चढायच्या आधी लागतं ते. याच तालुक्यात नीरेकाठी शिरवळ आहे आणि तिथे गोदरेजचा फ्रिजचा कारखाना आहे. हा फ्रिज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या वयाच्या लोकांना लोडशेडिंग चांगलं आठवत असेल. 2005 ते 2012 च्या काळात महाराष्ट्रात विजेचा तुटवडा काही हजार मेगावॅटचा होता आणि गावाकडे बारा-बारा तास लाईट नसायची. नवीन वीजकेंद्र उभं करायला वर्षं लागतात. मग दुसरा रस्ता उरतो: आहे ती वीज कमी लागेल असं करा. त्यासाठीचा कायदा आधीच झाला होता, ऊर्जा संवर्धन कायदा, 2001. त्याखाली 1 मार्च 2002 ला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, सुरू झाली. मे 2006 मध्ये स्टार लेबल आलं.

सुरुवातीला ते ऐच्छिक होतं. आता ऐच्छिक म्हटल्यावर काय होणार? ज्याचं मॉडेल चांगलं तो स्टिकर लावणार, ज्याचं वाईट तो गप्प बसणार. जानेवारी 2010 पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला लेबल सक्तीचं झालं, तेव्हा कुठे या स्टारला वजन आलं. मग दर काही वर्षांनी पट्टी वर सरकवत नेली. 2018 पासून एसीला आयसीईईआर हे नवं माप सक्तीचं झालं. बाहेरचं तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान बदलत राहील आणि वर्षात 1600 तास एसी चालेल असं धरून हा आकडा काढतात. 2018 मध्ये पाच स्टारसाठी हा आकडा 4.5 लागायचा, जुलै 2022 पासून 5 लागू लागला. म्हणजे 4.6 वाला एसी एका रात्रीत पाचावरून चारावर आला. मशीन तेच, परीक्षा कडक झाली. हे मला आवडतं. असं केलं नसतं तर आज दुकानातला प्रत्येक डबा पाच स्टार असता आणि स्टिकरला काही अर्थच राहिला नसता.

आता सुटीकडे येऊ, म्हणजे डिस्काउंटवाल्या सुटीकडे. वीज विकणारी कंपनी ग्राहकाला वीज कमी वापरायला पैसे का देईल? कारण उन्हाळ्यातल्या दुपारी, सगळे एसी एकदम चालू असताना लागणारी वीज सगळ्यात महाग पडते. तेवढी मागणी खाली आणणं स्वस्त. अमेरिकेत 1973 च्या तेलसंकटानंतर ही कल्पना रुजली. आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये यासाठी दोन विनियम काढले: एक योजना कशा राबवायच्या याचा, दुसरा त्या परवडतात की नाही हे कसं तपासायचं याचा. त्याच चौकटीत मुंबईत टाटा पॉवरसारख्या कंपन्यांनी जुना पंखा, फ्रिज, एसी देऊन नवीन पाच स्टारवाला सवलतीत घ्या अशा योजना चालवल्या. जुनं परत घेण्याची अट महत्त्वाची आहे. नाहीतर नवीन एसी हॉलमध्ये लागतो, जुना बेडरूममध्ये जातो, आणि बिल वाढतं.

दुसरा विनियम मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. कारण या सुटीचे पैसे आभाळातून पडत नाहीत. ते त्या कंपनीच्या खर्चात धरले जातात आणि शेवटी सगळ्या ग्राहकांच्या दरात येतात. ज्याच्या घरात एसी नाही, एक पंखा आणि दोन बल्ब आहेत, त्याच्याही. म्हणून आयोग विचारतो की या योजनेतून वाचलेली वीज तिच्या खर्चापेक्षा महाग होती का? आणि ज्याने भाग घेतला नाही त्याच्या दरावर किती बोजा पडला? प्रश्न बरोबर आहेत. फक्त त्यांची उत्तरं काढताना बचत किती धरायची, हे बहुतेक वेळा डब्यावरच्या आकड्यावरून ठरतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हा जगातला सगळ्यात जुना जोक आहे. टेस्टिंगमध्ये पास झालेला कोड प्रॉडक्शनमध्ये पडतो, कारण प्रॉडक्शनमधली परिस्थिती वेगळी असते. स्टार हा लॅबमधला निकाल आहे. बीईई बाजारातून नमुने उचलून पुन्हा तपासते, हे खरं आणि चांगलंच. पण तो नमुनाही लॅबमध्येच नीट बसवून तपासला जातो.

इथे शिरवळचा फ्रिज आठवा. फ्रिजच्या आतलं गॅसचं सर्किट कारखान्यातच बंद होतं. गेटमधून बाहेर पडताना तो पूर्ण फ्रिज असतो. घरी आणा, भिंतीपासून जरा लांब ठेवा, प्लग लावा. त्याचा स्टार बऱ्यापैकी शाबूत तुमच्या किचनमध्ये येतो. एलईडी बल्बचं तर अजून सोपं. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली, सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि बल्बचा खरेदी भाव 310 रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आला. बल्ब होल्डरमध्ये लावला की बचत सुरू. बसवणाऱ्याचं कौशल्य लागतच नाही.

स्प्लिट एसी मात्र कारखान्यातून अर्धवट बाहेर पडतो. आतलं युनिट वेगळं, बाहेरचं वेगळं. मधली तांब्याची पाईप, तिचं तोंड फुलवून केलेला जोड, त्यातली हवा आणि ओल ओढून घेणं, हे सगळं तुमच्या भिंतीवर होतं. म्हणजे एसी बनवण्याचं शेवटचं काम तुमच्या बाल्कनीत उभा असलेला मुलगा करतो. आमच्या घरी आला होता त्याच्याकडे व्हॅक्यूम पंपच नव्हता.

"दादा, पंप नाही आणला?"

"लागत नाय ओ. गॅस सोडून हवा काढतो की."

म्हणजे एसीतलाच थोडा गॅस पाईपमधून सोडायचा, तो हवेला ढकलत बाहेर जातो. पाच मिनिटांचं काम. पण ओल आत राहू शकते, थोडा गॅस वाया जातो, आणि भरणा कमी पडला की तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. एसी थंड तर करतो, त्यामुळे काही चुकलंय हे कळत नाही. बिलात कळतं, तेही तुलना करायला दुसरं बिल असेल तर. त्या मुलावर मी चिडलो नाही. त्याला त्या दिवशी अजून चार घरं करायची होती आणि पैसे घरामागे मिळत होते.

कायद्याचं काय? घरातल्या वायरिंगला परवानाधारक लागतो, हा नियम जुना आहे. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा आयटीआय ट्रेडही आहे. पण तो केलेला असल्याशिवाय एसीच्या गॅसला हात लावायचा नाही, अशी सक्ती घरगुती एसीच्या कामात नाही. अमेरिकेत 1994 पासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला हे काम करता येत नाही. तिथे ते ओझोनच्या काळजीतून आलं, वीजबचतीसाठी नाही, पण काम करणाऱ्याची परीक्षा तर होते. आपल्याकडे 2019 च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट ठेवलं. उद्दिष्ट चांगलं आहे, पण प्रमाणपत्र नसलेल्याला काम मिळायचं थांबत नाही, तोवर ते घेण्यासाठी तो मजुरी का बुडवेल?

एक अपवाद सांगतो, तोही गोदरेजचाच. 2012 मध्ये त्यांनी आर-290 गॅसवाले एसी बाजारात आणले, जर्मन सरकारच्या मदतीने. आर-290 म्हणजे प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. हवामानावर त्याचा परिणाम जवळजवळ नाहीच. पण पेटतो. दीड टनाच्या एसीत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस असतो आणि खोली किती मोठी हवी याचाही नियम आहे. त्यामुळे कुणालाही पाठवून चालणार नव्हतं, मेकॅनिक शिकवून तयार करावे लागले. म्हणजे गॅस पेटणारा असला की आपण बसवणाऱ्याला शिकवतो, नुसती वीज वाया जाणार असेल तर नाही.

बसवलेलं न तपासता सूट दिली की काय होतं, ते पुण्यात दिसलं. सोलर वॉटर हीटर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यासाठी महापालिका मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते. पुढे तपासायला गेल्यावर बऱ्याच ठिकाणी यंत्रणा बंद आणि सवलत चालू, असा प्रकार निघाला. बिल्डरने गच्चीवर बसवून दिलेला हीटर सोसायटीने एकदा बिघडल्यावर दुरुस्तच केला नाही, पण करात सूट दरवर्षी येत राहिली. मग बंद असलेल्यांची सवलत काढायचं ठरलं.

2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेने पैसे द्यायची वेळच बदलली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात, पण नोंदणीकृत विक्रेत्यानेच पॅनेल बसवायला हवं, वीज कंपनीने तपासायला हवं, मीटर लागायला हवा, आणि मग पैसे खात्यात येतात. यातही पळवाटा काढणारे काढतील, पण निदान कुणीतरी येऊन बघतं.

एसीच्या बाबतीत आपण सध्या रिमोटवर लक्ष देतोय. जानेवारी 2020 पासून नवीन एसी चालू केला की आपोआप 24 वर येतो. जून 2025 मध्ये केंद्राने 20 च्या खाली आणि 28 च्या वर जाताच येणार नाही असा नियम आणायचं जाहीर केलं, आणि आठवडाभर मीम्स फिरले. पण ज्या एसीच्या पाईपमध्ये ओल राहिली आणि गॅस कमी पडला, तो 24 वरसुद्धा जास्तच वीज खातो.

तुमच्याकडे एसी बसवायला येणार असतील तर फोनवरच विचारून घ्या: व्हॅक्यूम पंप आणणार का? आणला तर निदान पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा, चहा द्या तेवढ्यात. बाहेरच्या युनिटची गरम हवा समोरच्या भिंतीला आपटून परत त्याच्याच तोंडात जाणार नाही अशी जागा बघा. आणि पहिल्या दोन महिन्यांची बिलं फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतील.